विंडोज १० संपलं, रॅम महागली: दहा वर्षं जुन्या रेकॉर्डिंग कॉम्प्युटरचं आता करायचं काय?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याच सुमारास रॅमच्या किमती चढायला लागल्या. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉन कंपनीने 'क्रुशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. टेक्नॉलॉजीच्या पानावर या वेगवेगळ्या बातम्या होत्या. पण असेंबल्ड कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करून पोट भरणाऱ्यांच्या टेबलावर त्या एकत्रच येऊन पडल्या.

हा वर्ग वाटतो तेवढा लहान नाही. भजनांचे अल्बम, हळदीची गाणी, गणपतीच्या आधी धडाधड येणारी डीजे गाणी, शॉर्ट फिल्मचं डबिंग, ऑडिओबुक, निवडणुकीतली प्रचारगीतं. यातलं बरंचसं काम आज मोठ्या स्टुडिओत होत नाही. फ्लॅटच्या आतल्या खोलीत, भिंतीला फोम चिकटवून, पार्ट निवडून जुळवलेल्या कॉम्प्युटरवर होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या ओळखीच्या दुकानदाराकडून २०१५-१६ च्या सुमारास असं मशीन घेतलेल्यांची दहा वर्षं आता भरली आहेत.

उदाहरणासाठी त्या काळातलं एक चांगलं मशीन घेऊ. इंटेलचा कोअर आय७-६७००के प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम, एक छोटी एसएसडी, एक मोठी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बाजूला एक ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल अशा आकड्यांमध्ये बदलणारा डबा. गेली दहा वर्षं हे मशीन काम करतंय. मग बदलायचं का, आणि बदलायचं तर नेमकं काय?

मशीन खरंच कमी पडतंय का?

नुसत्या रेकॉर्डिंगपुरतं बोलायचं, तर नाही.

हिशोब साधा आहे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने एक मोनो ट्रॅक रेकॉर्ड केला तर दर सेकंदाला १४४ किलोबाइट डेटा तयार होतो, मिनिटाला साधारण ८.६ एमबी. एकाच वेळी ३२ माईक लावले तरी सेकंदाला साडेचार एमबीच्या आसपास. जुनी, फिरणारी हार्ड डिस्कसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाने लिहू शकते. यूएसबीचंही तसंच. १८ चॅनेलच्या इंटरफेसमधून येणारा आवाज सेकंदाला सुमारे २१ मेगाबिट होतो आणि जुन्या यूएसबी २.० ची कागदोपत्री क्षमता आहे ४८० मेगाबिट. म्हणजे गायक, तबला, पेटी आणि टाळ रेकॉर्ड करायला २०१६ चं मशीन आजही पुरून उरतं. 'नवीन यूएसबी म्हणजे आवाज चांगला' असं कोणी सांगत असेल, तर ते खरं नाही.

अडतं ते वेळेपाशी. याला लेटन्सी म्हणतात. गायक माईकमध्ये गातो, आवाज इंटरफेसमधून कॉम्प्युटरमध्ये जातो, सॉफ्टवेअर त्यावर रिव्हर्ब वगैरे लावतं आणि तो हेडफोनमध्ये परत येतो. या फेरीला लागणारा उशीर म्हणजे लेटन्सी. कॉम्प्युटर आवाज एकेक थेंब घेत नाही, बादली भरली की उचलतो. या बादलीला बफर म्हणतात. १२८ सॅम्पलचा बफर ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंदांत भरतो. जाताना एक बादली, येताना एक बादली आणि मध्ये इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ, असा एकूण उशीर साधारण आठ मिलिसेकंदांच्या घरात जातो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. त्यामुळे आठ मिलिसेकंद म्हणजे साथीदार पावणेतीन मीटरवर बसल्यासारखं. चालतं. बैठकीत तेवढं अंतर असतंच.

पण बफर १,०२४ केला की येण्याजाण्यातच ४२ मिलिसेकंदांहून जास्त जातात. आता साथीदार १४ मीटरवर गेला. समेवर पडलेली थाप हेडफोनमध्ये उशिरा ऐकू आली की तबलजीचा हात अडखळतो, आणि एकदा अडखळला की पुढचे दहा टेक वाया.

मग बफर छोटाच ठेवायचा ना? तिथेच जुना प्रोसेसर उघडा पडतो. बादली छोटी केली की प्रोसेसरला दर २.७ मिलिसेकंदांत त्या प्रोजेक्टमधलं सगळं गणित संपवावं लागतं. एकदा जरी उशीर झाला तरी 'कट्' असा आवाज येतो आणि तो टेक खराब होतो. व्हिडिओ रेंडर करताना कॉम्प्युटर मंद असेल तर तासभर जास्त लागतो, एवढंच. रेकॉर्डिंगमध्ये मात्र उशिरा आलेलं उत्तर हे चुकीचंच उत्तर असतं.

इथे अनेकांची फसगत होते. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं तर प्रोसेसर ३५ टक्केच वापरात दिसतो, आणि सॉफ्टवेअरमधला मीटर मात्र लाल झालेला असतो. कारण एका ट्रॅकवर एकामागे एक लावलेले प्लगइन वेगवेगळ्या कोअरमध्ये वाटता येत नाहीत. कॉम्प्रेसरचं काम झाल्याशिवाय रिव्हर्बला सुरुवात करता येत नाही. त्यामुळे बाकीचे कोअर रिकामे असले तरी एकच कोअर घामाघूम झालेला असतो. रेकॉर्डिंगसाठी प्रोसेसर निवडताना कोअरच्या संख्येइतकंच, किंबहुना आधी, एका कोअरचा वेग पाहायचा तो यामुळे.

एक रुपयाही न घालवता काय होतं?

बरंच काही. मशीन बदलायचं ठरवण्याआधी हे करून पाहायला हवं, कारण 'कॉम्प्युटर जुना झाला' असं वाटणाऱ्या अनेक तक्रारी प्रत्यक्षात कुठल्यातरी ड्रायव्हरच्या असतात.

विंडोजमध्ये वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड, ब्लूटूथ यांचे ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतात. काही मिलिसेकंदांचाच खोळंबा असतो, यूट्यूब पाहताना कळतही नाही. बफर छोटा असेल तर मात्र तो 'कट्' बनून ऐकू येतो. लेटन्सीमॉन नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतोय ते दाखवतं. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद करणं, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवणं, दहा वर्षांची धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं, एवढ्याने काही मशीन पुन्हा उभी राहतात. धुळीचा मुद्दा किरकोळ वाटेल. पण प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि पंख्याचा आवाज थेट माईकमध्ये जातो.

दुसरं म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग. बहुतेक इंटरफेसवर तसं बटण किंवा नॉब असतो. त्याने गायकाला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरची फेरी न मारता थेट इंटरफेसमधूनच ऐकू येतो. मग बफर मोठा असला तरी बिघडत नाही. तोटा एकच, सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब आपल्या आवाजावर लावून ऐकायची सवय असलेल्या गायकांना कानात कोरडं वाटतं.

कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधली वाद्यं वाजवणाऱ्यांचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. ते सूर कॉम्प्युटरच्या आतच तयार होतात, त्यामुळे तिथे छोट्या बफरला पर्याय नाही. ऑर्केस्ट्राच्या सॅम्पल लायब्ररी वापरणाऱ्यांची गरजही वेगळी. व्हायोलिनचा एकेक स्वर वेगवेगळ्या जोराने रेकॉर्ड केलेला असतो आणि त्याचा सुरुवातीचा भाग रॅममध्ये भरून ठेवावा लागतो. अशा कामाला १६ जीबी अपुरी पडते. लायब्ररी हार्ड डिस्कवर असेल तर ती एसएसडीवर हलवणं, हा जुन्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त फरक जाणवणारा बदल आहे. आणि त्यासाठी बाकी काहीच बदलावं लागत नाही.

मग घाई कशाची? विंडोजची

६७००के हा इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने आखलेली रेषा काही मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीच्या बाबतीत साधारण रायझन २००० मालिकेपासून. सोबत टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट हवं. रजिस्ट्रीत बदल करून जुन्या मशीनवरही विंडोज ११ चढवता येतं आणि तसे व्हिडिओ भरपूर आहेत. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हौसेच्या कॉम्प्युटरवर हा जुगार ठीक. ज्यावर दुसऱ्याच्या गाण्याची डेडलाइन अवलंबून आहे त्यावर नको.

'मग आठव्या पिढीचा प्रोसेसर आणून बसवू' हा सरळ विचारही इथे चालत नाही. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच आहे, एलजीए ११५१. खाचाही सारख्या दिसतात. पण आतली जोडणी वेगळी असल्याने जुन्या मदरबोर्डवर नवा प्रोसेसर चालत नाही. या सारख्या नावावर विसंबून सेकंडहँड प्रोसेसर घेतला तर पैसे अडकतात.

ही अडचण फक्त स्टुडिओवाल्यांची नाही. कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज दिला होता की विंडोज १० बंद झाल्यामुळे जगभरात सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर ई-कचऱ्यात जाऊ शकतात. यातले बरेचसे चालू स्थितीतले.

थोडी सवड मात्र आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आणली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यासाठी ३० डॉलर किंवा तेवढे स्थानिक चलन भरा, किंवा मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा कॉम्प्युटरची सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर बॅकअपला ठेवा. तिसऱ्या मार्गाला पैसे लागत नाहीत. विंडोज १० चा स्टुडिओ कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला असेल तर ही योजना न घेण्याचं काहीही कारण नाही.

'आम्ही नेटच लावत नाही' म्हणणारेही अनेक आहेत. विचार वाईट नाही. पण ट्रॅक आणायला गायकाचा पेन ड्राइव्ह येतो, क्लायंट 'ड्राइव्हवर टाकलंय, बघा' म्हणतो आणि प्लगइनचं लायसन्स अधूनमधून इंटरनेट मागतं. पूर्ण ऑफलाइन राहणं तोंडाने म्हणायला जेवढं सोपं, तेवढं रोजच्या कामात नाही.

रॅमचं काय झालं?

जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरना एचबीएम नावाची वेगळी, महागडी मेमरी लागते आणि साधी रॅमही प्रचंड प्रमाणात लागते. जिथे नफा जास्त तिथे कारखान्याची क्षमता वळली आणि घरगुती कॉम्प्युटरच्या वाट्याला कमी माल उरला. २०२५ च्या अखेरीस डीडीआर५ रॅमच्या किमती काही महिन्यांपूर्वीच्या दुपटीच्याही पुढे गेल्या होत्या. मायक्रॉनने क्रुशियल बंद करताना हेच कारण दिलं: एआय डेटा सेंटरची वाढती मागणी. डीडीआर४ स्वस्त राहील असं वाटलं होतं. पण कंपन्या तिचं उत्पादन गुंडाळण्याच्या मागे लागल्याने तीही महागली.

याचा अपग्रेडच्या हिशोबावर थेट परिणाम होतो. दोन वर्षांपूर्वी कोणालाही 'सगळं नवीन घे, डीडीआर५ घे, पुढची सात-आठ वर्षं बघायला नको' असा सल्ला देता आला असता. आज तोच सल्ला सगळ्यात महाग आहे. उलट कॅबिनेटमध्ये बसलेली जुनी १६ जीबी डीडीआर४ रॅम हाच ऐवज झाला आहे.

म्हणून सध्या शहाणपणाचा वाटणारा मार्ग मधला आहे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलायचे, पण डीडीआर४ चालणारे. असे दोन रस्ते आहेत. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी काही मदरबोर्ड डीडीआर४ वाले निघाले होते. बोर्डाच्या नावात बहुतेकदा 'डी४' असं लिहिलेलं असतं आणि घेताना ते तपासावंच लागतं, कारण त्याच बोर्डाची डीडीआर५ आवृत्तीही असते. दुसरा रस्ता एएमडीच्या एएम४ सॉकेटचा, म्हणजे रायझन ५००० मालिका.

इंटेलमध्ये २०२२ च्या सुरुवातीला आलेला आय५-१२४०० स्टुडिओसाठी विशेष सोयीचा आहे. सहा कोअर, सगळे एकसारखे. त्याच्या वरच्या अनेक प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं एखादं काम चुकून छोट्या कोअरवर गेलं तर अडचण होऊ शकते. इथे तो प्रश्नच नाही. आत ग्राफिक्स असल्याने वेगळं कार्ड लागत नाही. एका कोअरच्या वेगात तो ६७००के च्या स्पष्टपणे पुढे आहे. नावात 'आय७' नाही म्हणून दुकानात त्याला कमी लेखलं जातं, तिकडे दुर्लक्ष करावं.

सेकंडहँड बाजारात तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर मिळाले तर मात्र जपून. जास्त व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. इंटेलने मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने दुरुस्त होत नाही, आणि विकणारा तो का विकतोय हे सांगत नाही.

एएम४ च्या बाजूला आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स आहे. त्यात ग्राफिक्स नाही, त्यामुळे जुनं ग्राफिक्स कार्ड ठेवावं लागेल. एएमडीच्या काही बोर्डांवर यूएसबी मध्येच तुटण्याचा त्रास होता, त्यासाठी २०२१ मध्ये बायोस अपडेट आला. टीपीएममुळे क्षणभर अडखळण्याचाही त्रास होता, त्याचा अपडेट २०२२ मध्ये. या दोन्ही गोष्टी गेम खेळणाऱ्याला किरकोळ, पण टेक चालू असताना इंटरफेस गायब होणं म्हणजे काय ते रेकॉर्डिंगवाल्यांना सांगायला नको. बोर्ड हातात आला की पहिलं काम बायोस अपडेट, विंडोज नंतर.

जुनी रॅम नव्या बोर्डवर तिच्या जुन्याच वेगाने चालेल. २,१३३ किंवा २,४०० ची असेल तर थोडं नुकसान आहे, पण आजच्या भावात ते परवडतं. तिच्यात वेगळ्या कंपनीची नवी रॅम मिसळली तर सगळी सगळ्यात मंद पट्टीच्या वेगाने चालते आणि कधीकधी मशीन हँग होतं. म्हणून मिसळल्यावर मेमटेस्टसारख्या सॉफ्टवेअरने एक रात्रभर तपासणी करावी. आणि दहा वर्षं जुना एसएमपीएस काढून टाकावा. वीज वरखाली होणाऱ्या भागात त्याने आपलं आयुष्य भरपूर सोसलेलं असतं, आणि जाताना तो एकटा जाईलच असं नाही.

ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नयेत. रंगीत दिव्यांची कॅबिनेट, तीन पंख्यांचं कार्ड हे गेमिंगचं गणित आहे. दुकानदार ते दाखवणारच, त्याचा धंदा आहे. फार थोडे ऑडिओ प्लगइन ग्राफिक्स कार्ड वापरतात, आणि त्याचे पंखे मात्र प्रत्येक शांत टेकमध्ये ऐकू येतात.

लायसन्स: सगळ्यात महाग पार्ट कॅबिनेटमध्ये नसतो

अपग्रेडमध्ये खरं नुकसान होतं ते इथे, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीचं उदाहरण घ्या. त्यांची जुनी लायसन्स पद्धत ई-लायसन्सर नावाची होती. २० मे २०२५ रोजी ती सेवा बंद झाली. ज्यांच्याकडे यूएसबी डोंगल आहे त्यांचं जुनं क्युबेस डोंगल जिवंत असेपर्यंत चालतं, पण डोंगल तुटलं तर त्यावरचं लायसन्स दुसरीकडे नेता येत नाही. काही स्वस्त आवृत्त्यांना डोंगल नव्हतं, त्यांचं लायसन्स त्या विशिष्ट कॉम्प्युटरलाच बांधलेलं होतं. मदरबोर्ड बदललं की सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो दुसरा कॉम्प्युटर. पूर्वी सर्व्हरवरून ते पुन्हा चालू करून घेता यायचं. आता तो सर्व्हरच नाही. म्हणजे पैसे देऊन घेतलेलं, कालपर्यंत चालणारं सॉफ्टवेअर, एक पार्ट बदलल्यामुळे बंद पडू शकतं.

मार्च २०२३ मध्ये वेव्हज या प्रसिद्ध प्लगइन कंपनीने कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवायचं ठरवलं होतं. जगभरातल्या साउंड इंजिनिअरनी इतका संताप व्यक्त केला की काही दिवसांतच कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. 'विकत घेतलं' या शब्दाचा अर्थ या धंद्यात किती पातळ झालाय, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं.

त्यातच ३२ बिट प्लगइनचा प्रश्न. प्रो टूल्सने २०१३ मध्येच आणि क्युबेसने २०१६ च्या अखेरीस ३२ बिट प्लगइन सोडले. पण जुन्या मशीनवर जुनं सॉफ्टवेअर चालू असेल तर ते अजूनही वापरात असतात. व्हीएसटी२ हा प्लगइनचा जुना प्रकारही मागे सोडणार असल्याचं स्टाइनबर्गने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. परिणाम असा की २०१७ मध्ये केलेलं एखादं गाणं नव्या मशीनवर उघडलं तर अर्धे ट्रॅक मुके असतात. गायक सात वर्षांनी परत येतो, 'तेच गाणं, फक्त दुसऱ्या अंतऱ्यातला शब्द बदलायचाय' म्हणतो, आणि गाणं उघडत नाही. हा धंद्यातला रोजचा प्रसंग आहे, कल्पना नव्हे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. जुनं मशीन चालू असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या प्रोजेक्टमधला एकेक ट्रॅक साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवायचा. सगळे ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू व्हायला हवेत, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ते बरोबर एकाखाली एक बसतात. शक्य तिथे प्लगइनसह एक आणि प्लगइनशिवाय कोरडा एक. सोबत मिडी फाइल आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये गाण्याची लय, पट्टी आणि वापरलेल्या प्लगइनची नावं. पाच मिनिटांच्या ४० मोनो ट्रॅकच्या गाण्याला सुमारे पावणेदोन जीबी लागतात. २०० गाणी झाली तरी ३५० जीबीच्या आसपास, म्हणजे अर्ध्या टीबीच्या डिस्कमध्ये मावतील. कोरड्या प्रतीही ठेवल्या तर एक टीबी.

खर्च डिस्कचा नाही, वेळेचा आहे. २०० गाणी उघडून, तपासून, ट्रॅक काढायला महिने लागतात. वाढीव सपोर्टची ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत याच कामासाठी वापरण्यासारखी आहे. ती संपण्याची वाट पाहत बसण्यासाठी नाही.

आणि त्या जुन्या वायरीचं काय?

ज्यांचा इंटरफेस फायरवायरचा आहे त्यांना आणखी एक अडथळा आहे. २००० च्या दशकात स्टुडिओच्या इंटरफेसमध्ये फायरवायरचाच बोलबाला होता आणि त्यातले अनेक डबे आजही उत्तम आवाज देतात. नव्या मदरबोर्डवर फायरवायर पोर्ट नसतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड लावून अनेकांचं काम चालतं, पण इंटरफेस कंपनीने विंडोज ११ साठी ड्रायव्हर दिलेला नसेल तर ते नशिबावर. त्याहून जुनी पीसीआय साउंड कार्डं असतील तर ती बसवायची खाचच नव्या बोर्डांवर जवळपास नाहीशी झाली आहे.

म्हणून यादी बनवताना प्रोसेसर शेवटी लिहावा. आधी इंटरफेस, त्याचा ड्रायव्हर, मग लायसन्स, मग सॉफ्टवेअर, आणि हे सगळं ज्यावर चालेल असा बोर्ड. बहुतेक लोक नेमके उलटे जातात.

सरळ मॅक मिनी घ्यावा का?

हा प्रश्न आता अपरिहार्य झाला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या एम४ मॅक मिनीची भारतातली सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती, त्यात १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी स्टोरेज. एका कोअरचा वेग जबरदस्त, पंख्याचा आवाज जवळपास नाही, आणि ऑडिओ ड्रायव्हरची कटकट विंडोजपेक्षा कमी. सगळं नव्याने सुरू करणाऱ्याला, विशेषतः नव्या असेंबल्ड मशीनसाठी डीडीआर५ विकत घ्यावी लागणार असेल तर, मॅक मिनी हा खरोखर चांगला पर्याय आहे.

पण दहा वर्षांचं काम मागे असलेल्याने दोनदा विचार करावा. त्यातली मेमरी नंतर वाढवता येत नाही, जी घेतली ती घेतली. जुन्या फायरवायर इंटरफेससाठी तर तो रस्ता बंदच आहे, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोमधून ॲपलने फायरवायर काढून टाकलं. विंडोजवरचे काही जुने प्लगइन मॅकसाठी कधी निघालेच नाहीत. आणि असेंबल्ड मशीनचा एक फायदा किमतीत मोजता येत नाही: शनिवारी संध्याकाळी एसएमपीएस उडाला तर तो गावातच मिळतो आणि रविवारचं रेकॉर्डिंग होतं.

सॉफ्टवेअरचा खर्च कमी करायचा असेल तर रीपरकडे पाहावं. छोट्या व्यावसायिकांसाठी त्याचं लायसन्स ६० डॉलरला आहे, ते डोंगल मागत नाही, जुन्या विंडोजवरही चालतं आणि ३२ बिट प्लगइनही उघडतं. सात वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी ते शेवटचं गोष्टी ही फार मोठी सोय आहे.

बदलायचा दिवस

तो कामाच्या आठवड्यात नसावा. गणपती किंवा लग्नसराईच्या तोंडावर तर नाहीच. नवा बोर्ड, प्रोसेसर आणि शक्य असल्यास वेगळी एसएसडी घेऊन त्यावर विंडोज ११ नव्याने टाकावं. जुनी एसएसडी जशी आहे तशी, पुसून न टाकता, बाजूला काढावी. आधी इंटरफेसचा ड्रायव्हर, मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, मग एकेक प्लगइन. सगळे एका दमात टाकले तर 'कट्' आवाज कोणामुळे येतोय ते कळत नाही. बफर १२८ वर ठेवून एक तासभर सलग रेकॉर्डिंग चालवावं आणि मगच पहिल्या क्लायंटला वेळ द्यावी. रूममध्ये अर्थिंग नीट नसेल तर नव्या मशीनवरही तीच 'हुम्म' ऐकू येईल. तो प्रश्न इलेक्ट्रिशियनचा, कॉम्प्युटरचा नव्हे.

जुना बोर्ड, जुना प्रोसेसर विकून दोन-चार हजार येतील. लायसन्स त्या बोर्डला बांधलेलं असेल किंवा गाण्यांचे ट्रॅक काढून व्हायचे असतील, तर त्या पैशांचा मोह टाळलेला बरा. सेकंडहँड ८ जीबी पट्टी आणि जुनी एसएसडी लावून तो संच नेट न लावता कोपऱ्यात ठेवता येतो, आणि सात वर्षांपूर्वीचा अंतरा बदलायला कोणी आलं तर चालू करता येतो.